गोमतीचं नाक आणि परसातली शेगडी

माझ्या बायकोविषयी काही लिहून ठेवा, असं आमची सून नित्या बरेच दिवस मागे लागली होती. मला लिहिण्याची सवय नाही. माझा जन्म कापडाच्या दुकानात गेला, हातात कात्री आणि गज. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले, म्हणून आमची घरची मराठीही जुन्या वळणाची आणि तमिळ मिसळलेली. ती जशीच्या तशी लिहिली तर बाहेरच्या माणसाला हसू येईल. म्हणून पुस्तकात वाचली तशी लिहायचा प्रयत्न करतो. कुठे बिघडलं तर सांभाळून घ्यावं.

गोमती इन्नंबूरची. लग्न होऊन मेलकावेरीत आमच्या घरी आली तेव्हा माझी आई चुलीवर लोणी कढवत होती. नवी सून पुढच्या खोलीत पाटावर बसलेली. आईनं पातेलं उतरवायला फडकं घेतलं आणि पुढून आवाज आला, "अजून थोडं."

आईला राग आला. कालची मुलगी, न बघता, नुसत्या वासावरून मला शिकवते! पण तिनं पातेलं आणखी जरा ठेवलं. तूप असं रवाळ उतरलं की संध्याकाळी आईनंच ही गोष्ट शेजारी जाऊन सांगितली. पुढे आमच्या गल्लीत कुणाचं तूप कढत असलं, कॉफीचे दाणे भाजत असले, की आधी गोमतीला हाक येई. हिंगाचा दुकानदार तिला लांबून बघूनच बरणी बदलायचा. मी दुकानातून येताना वाटेत हॉटेलात कॉफी प्यालो तर उंबऱ्यातच कळायचं. "आज आमची कॉफी नको असेल," ती म्हणायची आणि तरी आणून द्यायचीच.

मग तो ताप आला, ज्या वर्षी सगळी दारं बंद होती त्या वर्षी. आम्हा दोघांनाही आला. माझं नाक गेलं, कसलाच वास येईना, आणि काही दिवसांनी परत आलं. तिचं आलं नाही. तिनं हे मला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. मी ओसरीवर होतो, करपल्याचा वास आला म्हणून आत गेलो. दूध आटून पातेलं काळं झालेलं, आणि शेजारीच गोमती शांतपणे वालासारख्या अवरेच्या शेंगा सोलत बसलेली. मी गॅस बंद केला आणि म्हणालो, "खाली लागलं वाटतं."

"हो का? लक्ष नव्हतं," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून मी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसू लागलो. फोडणी टाकली की म्हणायचं, मोहरी चांगली तडतडली. रसम उकळलं की म्हणायचं, काय वास सुटलाय. तिला कळू नये आणि काम व्हावं, एवढाच हेतू. घरातली चव होती तशीच राहिली. गावात तिच्या नाकाचं नावही तसंच राहिलं.

आमचा मुलगा विघ्नेश आधी मस्कतला होता, आता चेन्नईला असतो. एका सणाला आला तेव्हा त्यानं आईला परसात कोळशाच्या शेगडीपुढे वाकून फुंकणी फुंकताना बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय, ताप गेल्यापासूनचा खोकला थांबत नाहीये. त्याला ते सहन झालं नाही.

आमच्या घरी खंडोबा आहे. जेजुरी आमच्यापैकी कुणी बघितलेली नाही, पण मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि भाकरी त्याला दाखवायची, हे कुणी चुकवलेलं नाही. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी घरात पहिल्यांदा भाजतात. भजनाची मंडळी जेवायला येतात. तेवढी वांगी वाकून भाजायची, तीही आमच्याकडच्या मार्गशीर्षातल्या पावसात, म्हणजे सोपं नाही.

"आई, तिकडे मस्कतला घराघरात परसात पक्की बांधलेली गॅसची शेगडी असते," त्या वर्षी तसल्या शेगडीचं खोकं घेऊनच आलेला विघ्नेश म्हणाला. "बार्बेक्यू म्हणतात. उभ्यानं भाजायचं. धूर नाही, फुंकणी नाही."

"तिकडे त्याच्यावर काय काय भाजतात ते मला ठाऊक आहे," गोमती म्हणाली. "ही कोरी आहे ना रे?"

"खोक्यातली आहे आई. हात लावलेली नाही कुणी."

"मग खंडोबाला चालेल."

पण मला तो वेगळं बोलला. "अप्पा, या वर्षी आईची हौस होऊ दे. पुढच्या वर्षी दोघांनी चेन्नईला यायचं. तिथे स्वयंपाकाला बाई आहे. आईनं आता नुसतं बसावं."

गोमती आत ताक घुसळत होती. दुपारी मला म्हणाली, "स्वयंपाकाला बाई आहे म्हणे. मग मी तिथं काय करू? तिच्याकडे बघत बसू?" आणि हसली. मला हसू आलं नाही. तिचं नाक गेलंय हे विघ्नेशला कळलं, तर पुढच्या वर्षाचीही वाट तो बघणार नाही, हे दोघांनाही आपापल्या मनात ठाऊक होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण चूल हातातून गेली की गोमतीचं काय उरेल, याचा विचार मला करवत नव्हता.

शेगडी बसवायला त्यागराज आला. आमच्यातलाच, आमच्याच गल्लीचा. लग्नाच्या हॉलमधल्या भटारखान्यांना गॅसच्या नळ्या घालून देतो. हात चालतो त्यापेक्षा तोंड जास्त चालतं. स्कूटर लावता लावताच त्यानं परसातलं झावळ्यांचं छप्पर बघितलं.

"राव, खाली जाळ आणि वर सुक्या झावळ्या? खंडोबाला भंडारा उधळा की, ठिणग्या कशाला उधळता?"

झावळ्या निघाल्या. तिथे उंचावर पत्रा आला, तीन बाजू मोकळ्या. त्यागराजनं आधी शेगडीवरची पट्टी वाचली, ती आपल्या सिलिंडरच्या गॅससाठीच केलेली आहे ना ते बघितलं. मग गवंड्याकडून विटांचा ओटा बांधून घेतला, वर काळा दगड, मध्ये शेगडी बसायला खाच. घराची भिंत आणि खिडकी लांब ठेवली. विघ्नेशला शोभेसाठी बाजूंना सागाच्या फळ्या हव्या होत्या.

"फळ्या सोफ्याला लाव रे बाबा," त्यागराज म्हणाला. "ही रोज तापणार आहे."

सिलिंडरला शेजारी वेगळा कप्पा केला, शेगडी आणि त्याच्यात विटांची भिंत. कप्प्याच्या दोन बाजूंना, अगदी जमिनीलगत, त्यानं मोठी भोकं ठेवायला सांगितली. गोमती दारातून बघत होती.

"भोकं कशाला? घुशी शिरतील."

"जाळी लावतो अक्का. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर पाण्यासारखा खाली बसतो. त्याला बाहेर जायला खालीच वाट पाहिजे. वर झरोका ठेवून काही उपयोग नाही."

"आणि गळला तर कळणार कसं?"

तिनं हे का विचारलं ते फक्त मला कळलं.

"वास येतो की! कळावं म्हणून तर तो वास मुद्दाम घातलेला असतो. आणि तुम्ही विचारता? अख्ख्या मेलकावेरीला न येणारा वास तुम्हाला येतो!"

"हो, हो," गोमती हसून म्हणाली आणि आत गेली.

चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी सगळं जोडून झालं. त्यागराजनं वाटीत साबणाचं पाणी कालवलं आणि ब्रश मागितला. गोमतीनं माझा दाढीचा ब्रश आणून दिला. त्यानं सिलिंडर उघडून प्रत्येक जोडावर फेस लावला.

"बुडबुडा आला तर गळती. आला नाही, म्हणजे निश्चिंत. आता नीट ऐका अक्का. आधी शेगडीचं झाकण वर. मग सिलिंडर उघडायचा. मग शेगडीची चावी, आणि लगेच पेटवायचं. मध्ये उठून जायचं नाही. भाजून झालं की आधी सिलिंडर बंद."

गोमतीनं दोनदा म्हणून दाखवलं. शाळेतल्या मुलीसारखी म्हणत होती.

आता जे झालं ते सांगतो. बाहेरच्या कुणाकडून अशी चूक झाली नसती असं मला वाटतं.

तिच्या आईनं इन्नंबूरला तिला शिकवलेलं होतं. नैवेद्य पहिल्यांदा ज्या चुलीवर शिजणार ती सबंध सारवून घ्यायची. भेग असेल तर लिंपायची, भोक असेल तर बुजवायचं. भेगाळलेल्या चुलीवरचं देवाला दाखवायचं नाही. चंपाषष्ठीला सकाळी नहाण करून गोमती सोवळ्यात परसात गेली. शेण आणि तांबडी माती कालवून तिनं विटा सारवल्या. कप्पा आतूनही सारवायला हवा म्हणून सिलिंडर ओढून पुढे घेतला आणि सारवून झाल्यावर मागे ढकलला. आणि ती दोन भोकं, जाळीसकट, ओल्या मातीनं लिंपून टाकली. पूजेपुरती. नंतर काढणारच होती. कप्प्याचं दार लावलं, समोर तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. मग शिकवल्याप्रमाणे झाकण वर केलं, कप्प्यात हात घालून सिलिंडर उघडला, दार पुन्हा लावलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेगडीची पूजा राहिली. तशीच हळदकुंकू आणायला आत गेली.

मी जास्वंदी तोडायला परसात आलो. आधी वाटलं गटाराचा वास आहे. रात्री पाऊस झाला होता. ओट्याजवळ गेलो तर वास वाढला, आणि तो कसला ते कळलं. तेवढ्यात गोमती स्वयंपाकघराच्या दारातून ताट घेऊन आली. ताटात कापूर होता, वर काडेपेटी. ती कप्प्यासमोर गुडघे टेकून बसली आणि तिनं काडी काढली.

मी मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. दुकानात गिऱ्हाईक मला भाव दोनदा विचारायचं. त्या सकाळी माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा होता यावर माझाच विश्वास बसत नाही.

"गोमती! काडी ओढू नकोस!"

ताट तिच्या हातातून पडलं. कापूर रांगोळीत लोळला. मी कप्प्याचं दार उघडलं, सिलिंडर बंद केला आणि तिचं मनगट धरून तिला ओढत पुढे अंगणापर्यंत नेलं.

"अहो, सोवळं!" ती म्हणत होती. "सोवळं मोडलं की!"

इतक्या वर्षांत सोवळ्यात असताना मी तिला बोट लावलेलं नव्हतं. अंगणात आल्यावरही मी मनगट सोडलं नाही. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सोवळ्याचं नाव सोडलं.

विघ्नेश आणि नित्या धावत आले. आभाळ भरलेलं होतं. काय झालं ते दिसावं म्हणून विघ्नेशनं परसातला दिवा लावायला ओसरीवरच्या बटणाकडे हात नेला.

"बटण नको!" मी पुन्हा ओरडलो. एका सकाळी दोनदा.

नित्यानं रस्त्यावर जाऊन त्यागराजला फोन केला. तो आला, सगळ्यांना लांब उभं केलं, दारं उघडी ठेवली आणि खराट्याच्या काडीनं भोकांतली माती उकरून काढली. वारा खेळू दिला. त्या वेळी तोही काही बोलला नाही, यावरून काय ते समजावं. बऱ्याच वेळानं तो आत वाकला.

"सिलिंडर ढकलताना नळीला ओढ बसलीय. जोड सैल झालाय. पण ही भोकं कुणी बुजवली?"

"मी," गोमती म्हणाली. "नैवेद्याची चूल ना."

त्यागराजनं कपाळ पुसलं. "माझी आई असती तर तिनंही बुजवली असती."

विघ्नेश मात्र आईकडेच बघत होता. "आई, तू त्याच्यासमोर बसली होतीस. तुला वास आला नाही?"

"अक्कांना? अक्कांना तर..." त्यागराज म्हणाला आणि मध्येच थांबला.

मी जमिनीकडे बघितलं. गोमतीनं पदराला लागलेलं पीठ झटकलं.

"नाही आला," ती म्हणाली. "त्या तापापासून येत नाही. तुपाचा नाही, हिंगाचा नाही, कशाचाच नाही."

"आणि तू रोज गॅसपाशी असतेस? आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?" त्याचा आवाज चढला, पण डोळे भरलेले होते. "हे काढून टाकू. आजच. आणि पुढच्या वर्षीचं सोडा, याच महिन्यात तुम्ही दोघं माझ्याकडे या."

"शेगडी राहू दे," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. "मला वास येतो," मी म्हणालो. "मी असतो तिथे."

"असतात तर," गोमती म्हणाली. "रोज दारात पेपर घेऊन बसतात. पान एकच, तासभर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमटी बरी आहे एवढंही कधी तोंडून निघालं नाही, आणि ताप गेल्यावर रोज, मोहरी छान तडतडली, जिरं लाल झालं. मला काय कळत नाही?"

त्यागराज हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. माझे कान गरम झाले. एवढे दिवस मी तिला कळू न देता जपतोय असं समजत होतो, आणि ती मला कळू न देता स्वतःला जपू देत होती.

"पण अप्पा बाजारात गेले तर?" विघ्नेश म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. "आई, आज काय झालं असतं..."

"ठाऊक आहे मला काय झालं असतं," ती हळू म्हणाली. "भोकं मी बुजवली, पुन्हा बुजवणार नाही. सिलिंडर ओढणार नाही. पण नाकाचं म्हणशील तर काल ह्या त्यागराजनं कुठे नाक लावलं? साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा डोळ्यांना दिसतो. डोळे माझे शाबूत आहेत."

मग नित्या म्हणाली, "गॅस गळला की ओरडणारं यंत्र मिळतं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आहे, जमिनीजवळ लावलेलं. एक कप्प्यात, एक स्वयंपाकघरात."

"ते लावा," त्यागराज म्हणाला. "आणि ते येईपर्यंत अक्कांनी एकटीनं पेटवायचं नाही. राव पाहिजेतच."

विघ्नेश घरात गेला आणि माझा दाढीचा ब्रश आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन आला. वाटी आईपुढे धरली. "दाखव," म्हणाला.

मी मोडलेलं सोवळं नव्यानं झालं पाहिजे म्हणून गोमतीनं आधी पुन्हा नहाण केलं. तोवर त्यागराजनं ओढ बसलेली नळी काढून डब्यातली नवी जोडली. जोडताना तो विघ्नेशला घुशींनी एका हॉलची नळी कशी कुरतडली ते सांगत होता. गोमती ओले केस बांधून आली, सिलिंडर उघडला आणि ओणवी होऊन एकेका जोडावर फेस लावू लागली. सारवते त्याच हातानं, तसाच गोल फिरवून. विघ्नेश तिच्या खांद्यावरून बघत होता.

"दिसला!" ती म्हणाली.

आम्हाला कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्यागराज वाकला. नळीच्या खालच्या बाजूला, मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगत होता. त्यानं घाईनं सिलिंडर बंद केला.

"बोलण्याच्या नादात पाना लावायचा राहिला की!" त्यानं कान पकडले. "अक्का, आता मला पोट भरायला दुसरा धंदा बघावा लागेल."

"आधी जोड घट्ट कर," ती म्हणाली.

त्यानं घट्ट केला. तिनं पुन्हा फेस लावला आणि सगळ्यांना थांबवून धरलं. फेस तसाच राहिला, फुगला नाही. विघ्नेशनं आईच्या हातातून वाटी घेतली. तिच्या बोटांना लागलेला साबण त्यानं आपल्या पंच्यानं पुसला. सोवळ्याची आठवण या खेपेस तिलाही राहिली नाही. चेन्नईचं नाव त्या दिवशी त्यानं पुन्हा काढलं नाही. नंतर ती यंत्रं येऊन लागली, आणि तो ब्रश आता माझा राहिलेला नाही. कप्प्याशेजारी खिळ्याला लटकतो. रोज पेटवण्याआधी गोमती जोडावर फेस लावते, मग पिठाची चार बोटं रांगोळी ओढते. भोकं मोकळी असतात.

त्या सकाळी शेगडी पेटली तेव्हा तिनं कापूर लांब तुळशीपाशी लावला. तेल चोळलेली वांगी ओळीनं मांडली. उभ्यानं भाजत होती, पाठ ताठ. भजनाची मंडळी पुढे जमू लागली होती, टाळ ऐकू येत होते. वांग्यांची साल करपली, देठाशी रस फुटला. मी पेपर आणला नव्हता. नुसताच शेजारी उभा होतो आणि सवयीनं काहीतरी बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिनंच विचारलं. सगळ्यांसमोर, पहिल्यांदा.

"अहो, वास सांगा. झालं का?"

मी वाकून वास घेतला. आतला कच्चेपणा गेला नव्हता.

"अजून थोडं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. पाटावरची ती नवी सून तिला आठवली असावी. मग तिनं चिमट्यानं वांगं उलटलं आणि आणखी जरा ठेवलं.